वसईचे गोन्सालो गार्सिया: दुभाषी, सेवक आणि साक्षी



दुःखी मनुष्यास साहाय्य करावे असे मनात येते, परंतु जवळ पैसा नाही, विद्या नाही, अधिकार नाही आणि शिवाय लोक काय म्हणतील ह्याची भीती वाटते, अशी तक्रार आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून वारंवार ऐकू येते. उपदेशक ती करतात, तसेच नव्याने विश्वासात आलेली कुटुंबेही करतात. ही तक्रार आम्ही खोटी म्हणत नाही. खेड्यात राहणाऱ्यास शेजाऱ्यांशिवाय चालत नाही. एकाच विहिरीचे पाणी, एकच वाट, एकच बाजार. ज्यास सर्वांनी दूर लोटले आहे त्याच्या अंगणात जो जाईल, त्याच्याकडेही उद्या लोक पाठ फिरवतील, हे भय खरे आहे. म्हणून ह्या अंकी आम्ही आपल्याच मुलुखात जन्मलेल्या एका मनुष्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यास उच्च पद कधी मिळाले नाही, त्याने ग्रंथ लिहिला नाही, सभा गाजविल्या नाहीत. तथापि दया व धैर्य ही दोन्ही त्याच्या ठायी एकत्र वाढली, आणि ती कशी वाढली हे पाहण्यासारखे आहे.

हा मनुष्य म्हणजे वसईचे गोन्सालो गार्सिया. ते रोमन मंडळीतील होते, आणि त्या मंडळीने त्यांस संत ही पदवी दिली आहे. आपण संतांपाशी प्रार्थना करीत नाही. आपला मध्यस्थ एकच आहे. परंतु प्रभूने उत्तम शेजारी कोण हे सांगताना, ज्यांच्याशी यहूदी लोक व्यवहारही करीत नसत अशा शोमरोनातील एका मनुष्याचे उदाहरण दिले, हे विसरून चालणार नाही. चांगले उदाहरण कोणत्या मंडळीतून आले हे विचारून मग ते घ्यावयाचे, अशी रीत त्या दृष्टांतात दिसत नाही.

वसईचा किल्ला अनेक वाचकांनी पाहिला असेल. इ.स. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत त्या कोटाच्या आत मंदिरे, मठ, शाळा व घरे उभी राहिली. आज त्यांच्या भिंतींवर झाडे उगवली आहेत. ह्या वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालोंचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज व माता ह्याच प्रांतातील होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कोटातील जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. अशा मिश्र घरातील मुलास त्या काळी गोऱ्यांच्या पंगतीत पूर्ण जागा नसे आणि देशी लोकांतही तो निराळाच गणला जाई. परंतु दोन घरांच्या भाषा लहानपणापासून कानी पडल्या, हा लाभ त्यांस झाला असला पाहिजे. पुढे देवाने त्यांच्याकडून जे काम करून घेतले ते भाषेचेच होते.

त्या काळी पूर्वेकडील जपान देशात ख्रिस्ताची वार्ता नुकतीच पोहोचली होती. फ्रान्सिस झेवियर १५४९ साली तेथे उतरले होते, आणि त्यांच्या मागून इतर पाद्री गोव्याहून जहाजाने जात असत. सुमारे १५७२ साली, पंधरा वर्षांच्या वयात, गोन्सालो अशाच पाद्र्यांबरोबर जपानास निघाले. तेथे त्यांनी जपानी भाषा उत्तम रीतीने आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे उपदेशकाचे काम केले. जे वाचक आज हेच काम करीत आहेत त्यांस त्याचे स्वरूप सांगावयास नको. परक्या गावी जाणे, लोकांच्या भाषेत बोलणे, मुलांस शिकविणे, पाद्री येण्याआधी वाट तयार करणे, आणि पाद्री आल्यावर मागे उभे राहणे, असे ते काम असते.

आपणांस त्या संघाचे सभासद करून घ्यावे अशी गोन्सालोंची मोठी इच्छा होती. ती इच्छा पुरी झाली नाही. आठ वर्षे निष्ठेने सेवा केल्यावरही दार बंदच राहिले. ज्या घरासाठी मनुष्य राबतो त्याच घराने त्यास आत घेऊ नये, ह्याहून कडू अनुभव कोणता? आमच्या मंडळ्यांतही असे सेवक आहेत, की ज्यांनी पावसाळ्यातील चिखल व उन्हाळ्यातील ऊन न पाहता वाड्यावाड्यांतून काम केले आणि ज्यांच्या नावाचा उल्लेखही कोणत्या अहवालात झाला नाही. अशांपैकी कोणी हे वाचीत असल्यास त्याने पुढील भाग विशेष लक्ष देऊन वाचावा.

गोन्सालोंनी ते काम सोडले व व्यापार धरला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती. व्यापारास बरकत आली आणि अनेक बंदरांशी त्यांचे दळणवळण सुरू झाले. ह्या व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाइन बेटांतील मनिला शहरी जात असत. तेथे फ्रान्सिस्कन पंथाच्या बंधूंशी त्यांची ओळख झाली. हे लोक गरिबीचे व्रत पाळीत आणि रोगी व निराश्रित ह्यांची शुश्रूषा करीत. त्यांचे जीवन पाहून गोन्सालोंच्या मनातील जुनी इच्छा पुन्हा जागी झाली. त्यांनी चालता व्यापार सोडला आणि त्या पंथात प्रवेश केला. तोही पाद्री म्हणून केला नाही, तर सामान्य बंधू म्हणून केला. सामान्य बंधू मठातील हलकीसलकी कामे करी. त्यास वेदीपाशी पाद्र्याचा अधिकार नसे. एकदा नाकारला गेलेला मनुष्य पुन्हा सेवेस आला तो मानाची मागणी न करता आला, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. मनातील कडूपणा त्यांनी सेवेच्या आड येऊ दिला नाही.

ह्या वेळी जपानात तोयोतोमी हिदेयोशी ह्यांची सत्ता होती. त्यांनी १५८७ मध्ये परदेशी पाद्र्यांनी देश सोडून जावे असा हुकूम काढला होता, परंतु त्याची अंमलबजावणी पुष्कळ ढिली होती. पुढे फिलिपाइन बेटांनी आपले स्वामित्व मान्य करावे अशी मागणी त्यांनी केली. तेव्हा मनिलाच्या स्पॅनिश सुभेदाराने १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यास वकील म्हणून पाठविले. बरोबर काही बंधू होते, आणि त्यांत दुभाषी म्हणून गोन्सालोंची निवड झाली. ज्यास एका संघाने बाहेर ठेविले होते, त्याच्या जिभेवाचून दुसऱ्या संघाचे पाऊल पुढे पडेना! जपानच्या सर्वसत्ताधीशापुढे जे बोलणे झाले ते वसईच्या ह्या मुलाच्या मुखाने झाले.

हिदेयोशींनी ह्या मंडळीस जपानात राहू दिले आणि मियाको, म्हणजे आजचे क्योतो, ह्या राजधानीत जागाही दिली. तेथे त्यांनी मंदिर बांधले, आणि त्याजवळ रोग्यांसाठी दोन रुग्णालये उभारली. ह्या रुग्णालयांत विशेषेकरून कुष्ठरोग्यांस आश्रय मिळे.

कुष्ठरोग्याची त्या काळी काय दशा होती, हे आपल्या वाचकांस कळणे कठीण नाही. आपल्याही देशात ह्या रोगास महारोग म्हणत आणि महारोग्यास घराबाहेर काढीत. पूर्वजन्मीचे पाप, देवाचा शाप, कुळाचा कलंक, अशी नाना कारणे लोक लावीत. जपानातही अशा रोग्यांस घरदार व व्यवसाय सुटे, आणि रस्त्याच्या कडेस भीक मागण्याखेरीज त्यांस गत्यंतर नसे. रोगाने हातपाय बधिर होतात, मग भाजलेले व कापलेले कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे आखूड होत जातात. अशा मनुष्यांची शुश्रूषा करणे म्हणजे त्यांच्या जखमा धुणे, पू पुसणे, पट्ट्या बांधणे, अन्न भरविणे आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलणे. शेवटचे काम सर्वांत सोपे दिसते, परंतु परदेशी बंधूंत जपानी भाषा गोन्सालोंस जशी येत होती तशी फार थोड्यांस येत होती. ज्याच्याशी वर्षानुवर्षे कोणी बोलले नाही, त्याला आपल्या भाषेत विचारपूस ऐकू येणे हे औषधाइतकेच मोलाचे असते.

आमच्या मते गोन्सालोंच्या चरित्राचे मर्म येथे आहे. लोक त्यांस त्यांच्या मरणामुळे ओळखतात. परंतु ज्या धैर्याने ते मेले ते धैर्य एका दिवसात आलेले नव्हते. ज्या रोग्यास पाहून लोक रस्ता बदलतात त्याच्याजवळ रोज सकाळी जाऊन बसणे, हाताचा थरकाप झाला तरी हात मागे न घेणे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, ह्या अभ्यासात ते वाढत होते. पहिल्या दिवशी भय वाटले नसेल असे आम्ही म्हणत नाही. प्रभूनेही कुष्ठरोग्यास बरे केले तेव्हा दुरूनच शब्द उच्चारून काम भागले असते, परंतु त्याने हात लांब करून त्यास स्पर्श केला. त्या स्पर्शाचे अनुकरण जो दररोज करतो, त्याचे भय हळूहळू कमी होते, आणि हे कमी होणे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

परीक्षेचा दिवस पुढे आलाच. १५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात मनिलाहून निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले आणि मोडले. त्यातील मौल्यवान माल सरकारने जप्त केला. त्यावरून वाद वाढला. स्पेनचा राजा आधी पाद्री पाठवितो आणि मागून सैन्य पाठवून देश घेतो, असा संशय हिदेयोशींच्या मनात बळावला. येथे आम्हांस प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा संशय केवळ द्वेषातून आला होता असे नाही. त्या काळच्या युरोपीय राजांनी तलवार व वधस्तंभ एकाच जहाजातून नेले, आणि आपली वसईही त्यास अपवाद नव्हती. राजांच्या लोभाची किंमत पुष्कळदा निरपराध सेवकांस द्यावी लागते. ज्यांच्या हाती तोफा होत्या ते दूर राहिले, आणि ज्यांच्या हाती पट्ट्या व मलम होते ते पकडले गेले.

डिसेंबर १५९६ मध्ये मंदिर व मठ ह्यांभोवती पहारा बसला. फ्रान्सिस्कन बंधू, तीन जपानी जेझुइट आणि मंदिरात व रुग्णालयांत काम करणारे जपानी विश्वासी धरले गेले. ह्या जपानी विश्वाशांत वैद्य होता, आचारी होता, धनुष्ये करणारा कारागीर होता, उपदेशक होते आणि रुग्णालयाची व्यवस्था पाहणारेही होते. तीन तर मुलगेच होते. लुईस १२ वर्षांचा, अंतोनियो १३ वर्षांचा आणि थॉमस १४ वर्षांचा. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो शहरी प्रत्येकाचा डावा कान कापण्यात आला व त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यात आली. मग नागासाकी येथे नेऊन त्यांस ठार मारावे असा हुकूम झाला. भर हिवाळ्यात सुमारे एक महिना हा प्रवास चालला. वाटेत ज्या ज्या गावातून ते गेले त्या त्या गावच्या लोकांस दहशत बसावी, हा हेतू होता.

ह्या वाटेवर एक गोष्ट घडली ती ह्या चरित्रात आम्हांस विशेष हृदयस्पर्शी वाटते. प्रथम बंदिवान २४ होते. त्यांस वाटेत अन्नपाणी मिळावे, थोडी सेवा व्हावी म्हणून दोन विश्वासी मागोमाग चालू लागले. त्यांपैकी एक पेद्रो सुकेजिरो व दुसरा फ्रान्सिस नावाचा सुतार. त्यांच्या नावे कोणताही हुकूम नव्हता. ते घरी राहिले असते तर कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु बंदिवानांची सेवा करताना पहारेकऱ्यांनी त्यांसही धरले, आणि २४ चे २६ झाले. दुसऱ्यास पाणी देण्याच्या अपराधाबद्दल ह्या दोघांस मरणाची शिक्षा झाली. गोन्सालोंनी व त्यांच्या सोबत्यांनी रुग्णालयात जे शिकविले ते किती खोल गेले होते, हे ह्या दोघांवरून समजते. दयेची लागणही एकापासून दुसऱ्यास होत असते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर २६ वधस्तंभ उभे होते. जपानी रीतीप्रमाणे बंदिवानांस दोऱ्यांनी व लोखंडी कड्यांनी स्तंभास जखडण्यात आले, आणि भाल्यांनी त्यांचा वध करण्यात आला. गोन्सालो आपल्या स्तंभापाशी सर्वांच्या आधी गेले, असे परंपरा सांगते. तेव्हा त्यांचे वय सुमारे ४० वर्षांचे होते. ज्या जेझुइट संघाने पूर्वी त्यांस आत घेतले नव्हते त्या संघाचे तिघेजण त्याच ओळीत, त्याच टेकडीवर होते. हयातीत ह्या दोन संघांत कामाच्या पद्धतीविषयी मतभेद होते. मरणात मात्र कोण कोणत्या संघाचा हे स्तंभांवरून ओळखता येत नव्हते. निरनिराळ्या मिशनांच्या नावाने एकमेकांपासून दूर बसणाऱ्या आमच्या मंडळ्यांनी ह्याचा विचार करावा.

रोमन मंडळीने ह्या २६ जणांस १६२७ मध्ये धन्य आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर केले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा मान मिळालेले गोन्सालो पहिले होत. वसई तालुक्यात गास गावी त्यांच्या नावाचे मंदिर आहे, आणि वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालयही आहे. वसई-विरारकडे राहणारे आमचे वाचक ह्या नावाच्या पाट्या नित्य पाहत असतील. त्या पाटीमागे कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारा एक सामान्य बंधू आहे, हे त्यांनी आपल्या मुलांस सांगावे.

आता आपल्याविषयी. गोन्सालोंच्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. १८७३ मध्ये नॉर्वेच्या डॉक्टर हान्सेन ह्यांनी ह्या रोगाचे जंतू शोधून काढले, आणि तो शाप नसून इतर रोगांसारखा एक रोग आहे हे सिद्ध झाले. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही ह्या कामाची परंपरा आहे. वेलस्ली बेली नावाच्या आयर्लंडच्या शिक्षकाने अंबाला येथे कुष्ठरोग्यांची स्थिती पाहिली आणि १८७४ मध्ये त्यांच्यासाठी मिशन सुरू केले. ते मिशन आजही भारतात काम करीत आहे. अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती १९८० नंतर प्रचारात आली. तिने हा रोग सहा महिन्यांत किंवा एका वर्षात पूर्ण बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात रोग्यापासून इतरांस लागण होण्याचे भय राहत नाही. हे औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. ख्रिस्ती विवाहांस लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यातही कुष्ठरोग हे एक कारण धरलेले होते, ते २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले.

म्हणजे गोन्सालोंस जे भय जिंकावे लागले त्याचा मोठा भाग आज विज्ञानाने आपल्यासाठी दूर केला आहे. तरीही रोगी आपला बधिर चट्टा लपवितो. का लपवितो? औषध नाही म्हणून नव्हे, तर लोकांच्या नजरेच्या भीतीने. सून माहेरी पाठविली जाईल, मुलीचे लग्न मोडेल, उपासनेत कोणी शेजारी बसणार नाही, अशी त्यास धास्ती असते. लपविण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात हात वाकडे होतात. ही भीती सरकारास गोळीने घालविता येत नाही. ती मंडळीने घालवावयाची आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस व बायबल-स्त्रियांस आमची विनंती आहे. आपल्या वाडीत कोणाच्या अंगावर संवेदना नसलेला चट्टा दिसला तर त्याच्याशी एकांतात प्रेमाने बोलावे आणि त्यास आरोग्य केंद्रात स्वतः घेऊन जावे. तो बरा होऊन आल्यावर पुढच्या रविवारी उपासनेत त्याच्या शेजारी आधी आपणच बसावे. एक काम तर केवळ आपणच करू शकता. डहाणू-जव्हारकडील पाड्यांवरून आलेली बाई तालुक्याच्या दवाखान्यात आपल्या बोलीत दुखणे सांगते, डॉक्टरास ते समजत नाही, आणि ती तशीच परत जाते. आपणांस तिची बोली येते. तिच्याबरोबर जाण्यास एक दिवस मोडेल, एवढेच. गोन्सालोंनी आपली जीभ देवास दिली ती अशाच कामासाठी.

पैसा, पदवी व अधिकार नसल्याची तक्रार आम्ही आरंभी सांगितली. गोन्सालोंस आपल्या संघात पदवी वा अधिकार कधी मिळाला नाही, आणि पैसा मिळाला होता तो त्यांनी स्वतःहून सोडला. त्यांच्यापाशी उरले ते शिकलेली भाषा, दोन हात आणि एकदा दार बंद झाल्यावरही सेवेस पुन्हा येण्याची तयारी. इतके आमच्या प्रत्येक मंडळीत आहे. वाचकहो, ह्या आठवड्यात आपल्या गावी ज्या घराकडे कोणी जात नाही, त्या घराकडे एकदा जावे. पहिल्या दिवशी पाय जड होतील. तरी जावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. ज्याने कुष्ठरोग्यास हात लावला तो प्रभु आपणां सर्वांस हे करण्यास दया व धैर्य देवो. आमेन.